सायकली मागे कोणी बांधल्या?

परवा अमरावतीत एका ओळखीच्यांकडे चहाला बसलो होतो. विषय निघाला रस्त्यावरच्या अपघातांचा. आपल्याकडे तो कुठूनही निघतोच. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "या ट्रॉलीवाल्यांना अक्कलच नाही हो. मजूर भरतात, वर गाठोडी, मागे सायकली टांगलेल्या. ना दिवा, ना काही. अडाणी लोक!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण मला त्या सायकली आठवल्या. त्या मी स्वतः बांधल्या होत्या.

सांगतोच आता. दर्यापूरकडे आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. नोकरी अमरावतीला, त्यामुळे शेती म्हणजे काकांच्या भरवशावर आणि माझी रविवारची हजेरी. सोयाबीनच्या सोंगणीला सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांतून मजूर येतात. दसऱ्याच्या आसपास येतात, पंधरा-वीस दिवस राहतात. सोबत भांडीकुंडी, पांघरुणं, लेकरं, एखादी कोंबडी आणि सायकली. सायकल कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. शेतातल्या खोपडीपासून गाव चार किलोमीटर. किराणा, दळण, आजारी लेकरू, मोबाइल चार्ज करणं, सगळं त्या सायकलीवर. माझ्याकडे गाडी होती म्हणून मला प्रश्न पडला, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी काम संपलं, त्यांना परत सोडायचं होतं. सामान चढवून झालं, माणसं चढली, आणि मग पाच सायकली खाली उरल्या. दिवस कलत आला होता. मुकादम म्हणाला, "सायकली कोठी ठेवू मंग, डोक्यावर?" मीच उत्साहाने दोर आणला आणि मागच्या फाळक्याला एकावर एक पाचही सायकली आवळून टाकल्या. गाठी अगदी पक्क्या मारल्या. ट्रॉलीचा नंबर, लाल रिफ्लेक्टर, होता नव्हता तो एक दिवा, सगळं त्या सायकलींमागे गेलं. अंजनगावच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला पोरगा मागून येऊन त्यात घुसला. वाचला, पण हसळीचं हाड मोडलं. भरपाई कोणी दिली? ट्रॅक्टर चालवणाऱ्याने. त्याच्या रोजातून महिनोन्‌महिने कापली गेली. सायकली कोणी बांधल्या, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच डोकं घालतो आहे. घरचे कंटाळलेत. असो.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासात असतो. तो पिकअप ट्रकच्या मागे कॅम्पर ओढत सुटीला जातो. कॅम्पर म्हणजे चाकावरचं घर, झोपायचं-स्वयंपाकाचं सगळं आत. त्यालाही नेमका हाच प्रश्न, पोरांच्या सायकली कुठे ठेवायच्या? कॅम्परच्या मागे लावल्या तर शेपटाला सगळ्यात जास्त हादरे बसतात, स्टँडचे बोल्ट ढिले होतात. ट्रक आणि कॅम्परच्या मधल्या जागेत लावल्या तर आखूड वळणावर हँडल जाऊन कॅम्परला घासतं. शेवटी त्याने ट्रकच्या हौद्यातच, केबिनला चिकटून, पुढची चाकं काढून उभ्या केल्या. हे ऐकल्यावर मला हसू आलं. कारण ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गणित तंतोतंत तेच आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये सायकल बांधली की वळणावर ती ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाखाली जाणार. मागे बांधली तर दिवे झाकणार. शिवाय आपली जुनी काळी सायकल अठरा-वीस किलोची, पाच म्हणजे जवळजवळ क्विंटल. दोनचाकी ट्रॉलीत हे वजन आसाच्या मागे, पार टोकाला गेलं की पुढची दांडी वर उचलायला बघते आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं, हे आमच्या आजोबांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. आस आणि ओझं यांचा हिशोब गाडी भरतानाच व्हायचा.

म्हणजे सायकल ठेवायची जागा एकच, आत आणि पुढच्या फाळक्याला लागून. पण तिथे ठेवायची तर ती सर्वात आधी चढली पाहिजे, आणि आपल्याकडे ती सर्वात शेवटी आठवते. का? कारण ट्रॉली ठरवताना मालक मोजतो माणसं आणि पोती. मजुराची सायकल त्याच्या हिशोबातच नसते. मावसभाऊ स्वतःच्या पोरांच्या सायकली नेतो, म्हणून निघण्याआधी दोन दिवस विचार करतो. आपण दुसऱ्याच्या नेतो, म्हणून दोन मिनिटं. याला मजुराचं अडाणीपण म्हणणं हा शुद्ध कांगावा आहे. दोर मालकाचा, ट्रॉली मालकाची, निघायची वेळ मालकाने ठरवलेली, आणि अक्कल मात्र मजुराची कमी!

तुम्ही म्हणाल, त्यांनी एसटीने सायकली न्याव्यात. अहो, न्यायचेच की! एसटीच्या टपावर कॅरिअर असायचं, मागे शिडी असायची. कोणीतरी सायकल खांद्यावर घेऊन वर चढायचं, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. आताच्या बहुतेक गाड्यांना टपावर कॅरिअर नाही आणि मागे शिडीही नाही. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला होती, दर्यापूर-अंजनगाववरून जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. तिचा वेग असा की सायकलवाला शर्यत लावायचा, पण ती सायकल घेऊन जायची, दुधाच्या कॅनसकट. तीही बंद पडली. गरिबाची सायकल वाहून नेणारी एकेक सोय आपण काढून घेतली, आणि आता ती ट्रॉलीच्या मागे लटकलेली दिसली की आपल्याला शिस्त आठवते.

रस्ते मात्र झाले बरं का. अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. जून 2022 ची गोष्ट. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. काम सुरू झालं 3 जूनला. तो जागतिक सायकल दिन असतो! आणि 2020 साली याच तारखेला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबला होता. योगायोग आहेत, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मला ते विसरता येत नाहीत. गुळगुळीत रस्त्यावर मागची गाडी जास्त वेगाने येते, आणि अंधारात पुढे न दिसणारी ट्रॉली तीच असते.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर माल मर्यादेबाहेर मागे किंवा बाजूला निघाला तर 20,000 रुपये दंडाची तरतूद आहे. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवणं तर मुळातच नियमात बसत नाही. पण हा दंड भरायची वेळ आली की पुढे होतो तो चालक. मजूर वाहून आणणाऱ्या मालकाला कधी कोणी थांबवल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आणि ही खोड फक्त ट्रॉलीवाल्यांची समजू नका. रविवारी पहाटे परतवाड्याच्या रस्त्यावर उभे राहा. चिखलदऱ्याचा घाट चढायला निघालेल्या मोटारींच्या मागे स्टँडवर तीन-तीन सायकली, एकेकीची किंमत ट्रॉलीतल्या पाचही सायकलींहून जास्त. त्यांच्यामागे नंबरप्लेट झाकलेली, ब्रेकचा दिवा अर्धा झाकलेला. तिथे कोणी "अडाणी" म्हणत नाही. तिथे त्याला छंद म्हणतात. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चाकावरच्या घरांसाठी थांबायच्या जागांचा विचार केला. चांगलंच केलं. पण वऱ्हाडात चाकावर घर घेऊन फिरणारी माणसं दर हंगामात येतात. त्यांच्या नावाचं धोरण अजून माझ्या पाहण्यात नाही.

या दसऱ्याला मी काकांशी भांडलो. माणसांनी एसटीने जायचं, भाडं आपण द्यायचं. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. ट्रॉलीत फक्त सामान आणि सायकली, आणि निघायचं उजेडात. काका म्हणाले, "तुले शहरात बसून सुचते हे सारं." पण दिले पैसे. आधी पाच सायकली पुढच्या फाळक्याला आतून उभ्या केल्या, हँडलं वळवून, मध्ये बारदाना घालून. मग सामान. मागे काही नाही. नवीन लाल रिफ्लेक्टर पट्टी मी स्वतः चिकटवली.

मुकादम बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "भाऊ, मांगं बांधून देल्या असत्या तं उतरवाले सोपं गेलं असतं न."

खरं होतं ते. संध्याकाळी त्याचा फोन आला. सायकली काढायला अख्खी ट्रॉली रिकामी करावी लागली, आणि एकीचं पायडल वाकलं होतं. दुरुस्तीचे पैसे मी पाठवले.