चार महिन्यांचा हक्क

अंगात ताप असतानाही माणूस कामावर जातो, कारण घरी थांबला तर त्या दिवसाचा पगार बुडतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ही लाचारी संपवण्याचा कौल दिला. सुमारे ५८ टक्के मते पगारी आजारपणाच्या रजेच्या बाजूने पडली. आपण कामगार दिन पाळतो त्याच १ मे रोजी, २०२५ मध्ये, ही रजा लागू झाली. तीस तास काम केले की एक तासाची रजा जमा होणार होती. पण उद्योजकांच्या संघटनांनी खर्चाची ओरड केली, विधिमंडळाने कायदा फिरवला आणि २८ ऑगस्टला हा हक्क संपला. जनतेने थेट मतदानाने दिलेले तिच्याच प्रतिनिधींनी काढून घेतले. हा जनमताचा अवमान आहे.

खासगी नोकरीत आजारपणाची पगारी रजा द्यायलाच हवी, असा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळते ती बिनपगारी रजा. त्यामुळे सारी भिस्त राज्यांवर. २०११ मध्ये कनेक्टिकटने पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून तीन दिवसांची रजा पाच दिवसांवर नेली. उलट नेब्रास्कात मतदारांनी मंजूर केलेली रजा लागू होण्याआधीच विधिमंडळाने दहा किंवा त्याहून कमी कामगारांचे व्यवसाय तिच्यातून वगळले.

लहान व्यावसायिकाची अडचण खोटी नाही. एक माणूस गैरहजर राहिला तरी त्याचे दुकान अडते. मात्र त्यावर उपाय सरकारी मदतीचा किंवा विम्याचा असावा. कामगाराला वगळणे हा उपाय नव्हे. खानावळीत आजारी हातांनी वाढलेल्या ताटाची किंमत गिऱ्हाईक मोजते, वृद्धाश्रमात ती वृद्ध मोजतात. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, अमेरिकी काँग्रेसला हे पटले आणि तात्पुरती पगारी रजा सक्तीची झाली. वर्षअखेरीस ती सक्तीही संपली.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. आजारपणासाठी वेगळी पगारी रजा त्यात नाही. हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. व्यवसाय सुलभ व्हावा, हे कारण ठीक. पण परवान्याची कटकट कमी करणे वेगळे आणि दहा-पंधरा माणसांच्या दुकानातील कामगाराच्या रजेचे कायदेशीर छत्र काढणे वेगळे. नोंदणीत सवलत जरूर द्यावी, रजेच्या हक्कात नको. सरकारने आजारपणाची स्वतंत्र पगारी रजा कायद्यात आणावी आणि ती लहानातल्या लहान दुकानालाही लागू करावी. आजार कामगारांची संख्या मोजून येत नाही.