हजेरी चालू, भोजन बंद!

हिवाळ्याच्या तोंडावर दिल्लीत वारा मंदावतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि त्यातच वाहनांचा व जाळलेल्या पेंढ्याचा धूर कोंडून राहतो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील हवेचा निर्देशांक ४९०च्या वर गेला. हे मोजमाप ५००वर संपते. शाळांचे वर्ग बंद करून शिक्षण ऑनलाइन करण्यात आले. हेतू लेकरांच्या रक्षणाचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रक्षण झाले कोणाचे?

ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, संगणक व हवा शुद्ध करणारे यंत्र आहे, त्याचे! जेथे एका खोलीत पाच माणसे राहतात आणि एकुलता एक मोबाइल बापाबरोबर कामावर जातो, तेथील मुलीला कोणता वर्ग आणि कोणते गुरुजी? २५ नोव्हेंबरला न्या. अभय ओक व न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने याच विषमतेकडे बोट दाखविले: कित्येक मुले माध्यान्ह भोजनाला मुकली आहेत, त्यांच्यापाशी ऑनलाइन शिक्षणाची साधने नाहीत, घरची हवाही शुद्ध नाही. त्यानंतर शाळेत यावे की घरून शिकावे, ही निवड मिळाली.

परंतु भोजनाचा प्रश्न उरतोच. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ चे कलम ५ सांगते की, सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या सुट्ट्या वगळून दररोज एक मोफत भोजन मिळाले पाहिजे. मग ऑनलाइन वर्गाचा दिवस सुट्टीचा की कामाचा? सुट्टीचा असेल तर हजेरी कशाची घेता? कामाचा असेल तर ताट कोठे आहे? २०१५चे नियम तर स्पष्टच आहेत: शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने भोजन न मिळाल्यास राज्य सरकारने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्न सुरक्षा भत्ता दिलाच पाहिजे.

बंधुभगिनींनो, हा कायदा एकट्या दिल्लीचा नव्हे. उद्या पुरामुळे वा उष्म्यामुळे तुमच्या गावची शाळा मोबाइलवर गेली, तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा, भत्ता मागा आणि अर्जाची पोच घ्या. संविधानाच्या अनुच्छेद २१-क ने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यात मोबाइलची अट कोठेही घातलेली नाही.