मागील खोलींतील वायफाय

पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घर जुन्या वळणाचें, माणसें नऊ. ओटीवर बसणाऱ्या मंडळींना वायफाय भरपूर मिळतें. परंतु माजघरापलीकडील ज्या खोलींत या बाई दुपारीं कचेरीचें काम करतात आणि रात्रीं त्यांची कन्या अभ्यासाला बसते, तेथें बोलणें मध्येंच तुटतें, चित्र गोठतें. कंपनी बदलावी, असें घरांतील वडीलधाऱ्यांचें मत. आमचें मत निराळें आहे.

प्रथम दोष कोठें आहे हें ठरवावें. बाहेरून येणारी तार आणि घरांत पसरणारी लहर या दोन भिन्न वस्तु होत. राउटरपासून दोन हातांवर उभें राहून गति मोजावी. शक्य तर संगणक तारेनें जोडून मोजावी. ठरलेल्या १०० मेगाबिटांपैकीं ८०-९० तेथें पदरांत पडत असतील, तर कंपनीशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. तेथेंहि १० च मिळत असतील, किंवा पेटीवर तांबडा दिवा लागला असेल, तर मात्र खुशाल तक्रार नोंदवावी.

घरोघरच्या वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें १२ सेंटिमीटर लांबीची. ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्मी. लांब लहर भिंतीपार बरी जाते, परंतु तिच्या वाटेवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी अशी सारी गर्दी. आखूड लहर चपळ खरी, पण जाड भिंतीपुढें लौकर थकते. भिंत लहरीला मुळींच जाऊं देत नाहीं असें नव्हे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं बिनतारी लहरी भिंतींपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली होती. परंतु प्रत्येक भिंत आपला कर घेतेच. ३ डेसिबेल घट म्हणजे शक्ति निम्मी, १० डेसिबेल म्हणजे दशांश. वाड्याची हातभर जाडीची भिंत, सिमेंटांतील सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याचें पिंप, हे सारे मार्गांतील अडथळे. धातु लहर परतवितो, पाणी ती शोषून घेतें.

आतां राउटर बहुधा कोठें असतो तें पाहा. तार बसविणारा माणूस ज्या खिडकींतून ती आंत घेतो, त्याच खिडकीखालीं पेटी ठेवून जातो. त्याला दिवसांत अनेक घरें उरकावयाचीं असतात. पुढें शोभा जाते म्हणून ती पेटी टीव्हीमागें दडते, नाहींतर कपाटांत कोंडली जाते. निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. ओटीवर सर्व सुरळीत चालतें, म्हणून कर्त्या मंडळींना अडचण भासतच नाहीं. ज्या घरीं खोल्यांची वांटणी जुनीच राहिली आहे, तेथें दुबळी लहर सुना, मुलें आणि म्हातारी माणसें यांच्याच वांट्याला येते, आणि हा केवळ योगायोग मानण्यास आमचें मन घेत नाहीं.

तेव्हां पहिला उपाय जवळजवळ फुकटचा. राउटर घराच्या मध्यावर, माजघराच्या दाराशीं, माणसाच्या उंचीच्या फळीवर उघडा ठेवावा. कांचतंतूची तार नाजूक; ती वांकवूं वा ओढूं नये. तिची पेटी निराळी असल्यास ती जागीं ठेवून साधी नेटवर्कची तार पुढें न्यावी. दोन्हीं एकाच पेटींत असल्यास कंपनीच्या माणसाकडूनच जागा बदलून घ्यावी. नंतर फोनवर लहर मोजावी. अँड्रॉइड फोनसाठीं असें ॲप फुकट मिळतें. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्रासह संभाषण निभतें. उणे ८० च्या पलीकडे आशा सोडावी. मोजणी बाई जेथें बसतात तेथें करावी, ओटीवर नव्हे. २.४ च्या पट्ट्यांत राउटर १, ६ किंवा ११ या चॅनेलांपैकीं एकावर ठेवावा, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहींत.

एवढ्यानें भागलें नाहीं तर पुष्कळ लोक स्वस्तांतला रिपीटर आणून नेमका त्याच बिघडलेल्या खोलींत लावतात. तेथें त्यालाच धड लहर मिळत नाहीं, मग तो पुढें काय देणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. आणि साध्या जातीचा असल्यास एकाच लहरीवर ऐकतो नि बोलतो, म्हणून गति सुमारें निम्मी होते. त्यापेक्षां मागील खोलीपर्यंत कॅट-६ जातीची तार नेऊन तेथें दुसरें यंत्र बसवावें. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. कोणत्याहि वाड्यास तेवढी पुरे. घरांत जुना राउटर पडून असेल तर डीएचसीपी बंद करून, त्याला निराळा पत्ता देऊन तोच या कामीं लावतां येतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरीं तार माजघराच्या तुळईच्या कडेनें नेतां येईल, असें त्यांनीं काढलेल्या नकाशावरून दिसतें. विजेच्या तारांच्या नळींतून मात्र ती ओढूं नये. तिला वेगळी नळी द्यावी. दिवाळीपूर्वीं रंगकाम निघणार आहे असें त्या लिहितात, तर त्याच्या अगोदरच हें उरकून घ्यावें.