कंटेनर उडवा, पण डेटा कुठे आहे ते आधी बघा

सर्व्हरची डिस्क भरली की आजकाल पहिला प्रश्न एआय असिस्टंटला जातो. उत्तर बऱ्याचदा एका ओळीचं असतं: 'डॉकर सिस्टीम प्रून' लिहा, पुढे 'व्हॉल्यूम्स' हा पर्याय जोडा. ओळ चुकीची नाही. पण ती नेमकं काय पुसते हे 2023 मध्ये बदललं, आणि जुने सल्ले अजून फिरतायत.

कंटेनर काढणं तसं सोपं. 'डॉकर स्टॉप' दिलं की आतल्या प्रोग्रामला आवरायला 10 सेकंद मिळतात. थांबलेला कंटेनर डिस्कवर पडून राहतो, 'डॉकर आरएम' दिल्यावरच जातो. चालू कंटेनर काढायला डॉकर नकार देतो. 'एफ' लावून जबरदस्ती करता येते, पण मग ते 10 सेकंदही नाहीत. आत डेटाबेस असेल तर मी एफच्या वाटेला जात नाही.

खरा धोका व्हॉल्यूमचा, कारण डेटा तिथे असतो. पूर्वी 'डॉकर व्हॉल्यूम प्रून' दिलं की कुठलाच कंटेनर वापरत नसलेले सगळे व्हॉल्यूम जायचे. फेब्रुवारी 2023 च्या 23.0 आवृत्तीपासून फक्त बिननावाचे जातात. नाव दिलेले पुसायचे तर 'ऑल' असं मुद्दाम लिहावं लागतं.

माझ्या मते निर्णय योग्य, पण संरक्षण अर्धंच. पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. सुरू करताना तुम्ही व्हॉल्यूमला नाव दिलं नाही, तर डॉकर स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम बनवतो. पुढे कंटेनर काढला की तो व्हॉल्यूम अनाथ होतो आणि पुढच्याच प्रूनमध्ये सगळा डेटा साफ! नवीन आवृत्ती इथे वाचवत नाही. सिस्टीम प्रून तर थांबलेले कंटेनर आधी काढतं, मग व्हॉल्यूमकडे वळतं; म्हणजे अनाथ करणं आणि पुसणं एकाच फटक्यात.

'डॉकर कंपोझ डाउन'ला 'व्ही' लावलात तर कंपोझ फाइलमधले नाव दिलेले व्हॉल्यूमही जातात. (एक अक्षर, बस्स.)

म्हणून मी आधी 'डॉकर सिस्टीम डीएफ'ने जागा कशाने खाल्लीय ते बघतो. बऱ्याचदा जुन्या इमेजेस आणि बिल्ड कॅशच निघतात, व्हॉल्यूमला हात लावायची वेळच येत नाही. कंटेनर काढायचाच असेल तर त्याच्यावर 'डॉकर इन्स्पेक्ट' चालवा आणि 'माउंट्स' हा भाग वाचा. व्हॉल्यूमच्या नावाच्या जागी आकडे-अक्षरांची लांबलचक माळ दिसली, तर आधी बॅकअप घ्या.