पातेल्यातले पाणी

पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या वस्त्यांत साथीच्या दिवसांत सकाळी चहाच्या आधी शेगडीवर चढू लागले ते पिण्याच्या पाण्याचे पातेले. २०२५ च्या जानेवारीत ‘गुलेन बॅरे’ या मज्जातंतूंच्या विकाराने तेथे डोके वर काढले, महिन्याभरात संशयित रुग्णांचा आकडा दीडशेच्या पुढे गेला, आणि ज्या नावाचा उच्चारही कालपर्यंत कोणास येत नव्हता त्याने घरोघरच्या आयांची झोप उडविली.

या आयांनी चालविलेली तजवीज पाहिली म्हणजे कौतुक वाटते. पाण्याला खळखळून उकळी आणणे, तेच पाणी पोराच्या शाळेच्या बाटलीत भरणे, पाणीपुरीवर बंदी घालणे, कोंबडीचे मांस चिरलेली सुरी घासल्यावाचून कोथिंबिरीला न लावणे, हे सारे योग्यच आहे. तुरटीवर मात्र कोणी विसंबू नये. तिने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

परंतु खरी सावधगिरी जुलाब थांबल्यावर सुरू होते, आणि नेमके तेव्हाच घर निर्धास्त होते. काही रुग्णांत आढळलेला ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जंतू अन्नपाण्यावाटे पोटात शिरून जुलाब लावतो; त्याच्याशी झुंजणारी शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित एखाद्याच्या बाबतीत भ्रमिष्ट होऊन स्वकीय मज्जातंतूंवरच उलटते; आणि मग आठ-पंधरा दिवसांनी, पोटदुखीचा विसरही पडलेला असताना, मूल जिना चढताना अडखळते, पायांना मुंग्या येतात म्हणते, मांडी घालून बसले तर उठू शकत नाही. अशा वेळी अशक्तपणा समजून ताकदीचे औषध देत बसणे घातक. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण हा विकार श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. वेळीच उपचार लाभलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. शिवाय हा विकार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा शेजारच्या आजारी मुलाच्या घराकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

येथवर गृहिणीचे कर्तव्य झाले. सरकारचे काय? १८९७ च्या प्लेगात पुणेकरांची फिर्याद अशी होती, की प्लेग अधिकारी रँडसाहेबाचे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत शिरतात; २०२५ च्या साथीतली फिर्याद उलटी आहे. ३० जून २०२१ रोजी नांदेड, किरकटवाडीसह तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली, मिळकतकराची बिले त्यांच्यामागोमाग आली. शुद्धीकरण केंद्र मात्र आले नाही. ज्या खडकवासल्याचे पाणी पर्वतीच्या केंद्रात गाळून शहराला पोहोचते, तेच नांदेडच्या विहिरीत सोडून, केवळ जंतुनाशक मिसळून, साथीच्या वेळी नांदेड व आसपासच्या गावांना वाटले जात होते. साथ उफाळल्यावर काही खासगी पाणी-शुद्धीकरण केंद्रांना टाळे ठोकण्याची तत्परता महापालिकेने दाखविली, ती ठीकच. पण लोक त्या केंद्रांकडे का वळले, हा प्रश्न तिने स्वतःच्या दप्तरास विचारावा. पातेली उकळण्यात जळणाऱ्या गॅसचा खर्च तिच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसणार नाही. वास्तविक तो तिने बसविलेला दुसरा पाणीकरच आहे.

नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असा दंडक आहे. तो आकडा रोज सकाळी प्रत्येक गावच्या फलकावर लिहिला जावा आणि शुद्धीकरण केंद्र कोणत्या तारखेस सुरू होणार, ती तारीख आयुक्तांनी लेखी जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर नांदेडकरांनी पातेले शेगडीवरून उतरवू नये.