प्रयोग विद्यापीठाचा, परवाना कोणता?

राहुरी : उसाच्या किंवा कांद्याच्या नव्या वाणाची चाचणी शेतात संपते, तेव्हा संगणकासमोरचे काम सुरू होते. उत्पादनातील फरक वाणामुळे की जमिनीमुळे, हे सांख्यिकी सॉफ्टवेअरच ठरविते. नाशिक-खानदेशासह दहा जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत हे नेहमीचे काम. यातील बरीच साधने ओळीने आज्ञा लिहून चालवावी लागतात. आज्ञा शिकता येतात. घोडे अडते ते परवान्यापाशी.

'सॅस' या प्रणालीचेच पाहा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात शेतीप्रयोगांच्या आकड्यांसाठी ती जन्मली आणि १९७६ मध्ये तिची कंपनी झाली. तिचे परवाने एकेकट्या संस्थेला परवडणे कठीण. त्यामुळे जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पातून, दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, देशातील कृषी संशोधन संस्थांसाठी ते एकत्रित घेण्यात आले. मात्र असा परवाना मुदतीचा असतो. मुदत सरली की आकडे तेच, आज्ञा त्याच, पण प्रणाली गप्प. इतर अनेक साधनांचा परवाना एका विशिष्ट संगणकाच्या नेटवर्क कार्डाला जखडलेला असतो. संगणक जळाला, तर कंपनीशी नव्याने पत्रव्यवहार आला. परवाना मध्यवर्ती सर्व्हरवर असेल, तर त्या खोलीतील वीज गेल्यावर सगळ्याच विभागांचे काम थांबते.

याहून नाजूक प्रश्न वापराच्या हेतूचा आहे. शैक्षणिक सवलतीचा परवाना बहुधा अध्यापन आणि बिगरव्यापारी संशोधनापुरताच असतो. कृषी विद्यापीठे तर खासगी कंपन्यांची कीटकनाशके, खते व बियाणे यांच्या चाचण्या शुल्क आकारून करून देतात. शेत तेच, शास्त्रज्ञ तेच. पण अहवाल कंपनीच्या बाजारासाठी. त्याचे विश्लेषण सवलतीच्या परवान्यावर केल्यास अटींचा भंग ठरू शकतो. अनधिकृत प्रत वापरणे तर याहून धोक्याचे, कारण शोधनिबंधात सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती लिहावी लागते!

'आर' ही मुक्त प्रणाली हा पर्याय आहेच. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील दोघा प्राध्यापकांनी ती तयार केली. तिला मुदत नाही, व्यापारी कामालाही आडकाठी नाही. केंद्र सरकारनेही २०१५ च्या धोरणात आपल्या ई-प्रशासनासाठी मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिली आहे. तथापि वर्षानुवर्षे लिहिलेल्या आज्ञावल्या नव्याने लिहायच्या, तर शिकविणाऱ्यांनाच आधी शिकावे लागेल; त्याची तरतूद क्वचितच होते.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ती वर्गणी नियतकालिकांची आहे, सॉफ्टवेअरची नव्हे. राहुरीतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला परदेशी निबंध वाचता येईल. त्यातील विश्लेषण आपल्या आकड्यांवर करून पाहण्याचा परवाना मात्र विभागालाच शोधावा लागेल. निदान सशुल्क चाचण्यांबाबत तरी व्यापारी परवान्याचा खर्च कंपनीकडून घ्यायच्या शुल्कातच धरता येण्याजोगा आहे, आणि तो करार होण्यापूर्वीच धरावा लागतो.