यंत्र घरी पोहोचले, विद्या कोण पोहोचवणार?

न्हावा शेवा बंदराचा पाया ज्या जमिनीवर उभा आहे, तिच्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या छातीवर झेलल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यानंतर, २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. आज तेथून वर्षाला सत्तर लाखांहून अधिक वीस फुटी कंटेनरांइतकी (टीईयू) उलाढाल होते. या वैभवाच्या शेजारी राहणाऱ्या घरात एखादे अपुऱ्या दिवसांचे किंवा हृदयाचा, फुप्फुसांचा विकार असलेले मूल जन्मले, तर त्याच्या वाट्याला या समृद्धीतून काय येते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

अशा मुलाला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. पुढे खाट रिकामी करण्याची घाई होते आणि नाकातून जठरापर्यंत गेलेली दुधाची नळी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर घेऊन आई उरणच्या वाटेला लागते. काल जे काम प्रशिक्षित परिचारिका पाळीपाळीने करीत होत्या, ते आज एका स्त्रीने अहोरात्र, विनावेतन करायचे असते. तिला ते शिकवले कोणी? पुष्कळदा घाईची दहा मिनिटे आणि एक इंग्रजी माहितीपत्रक, एवढीच तिची पाठशाळा.

वास्तविक या विद्येत गूढ असे काही नाही. मात्र ती हाताने करूनच येते. प्रत्येक वेळी दूध देण्यापूर्वी नळी जठरातच आहे याची खात्री करायची; बाळ ठसकले किंवा निळसर पडले की तत्क्षणी थांबायचे. बाळाचा पाय थंड असेल किंवा हलत असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा फसवतो, म्हणून आकड्याबरोबर ओठांचा रंग आणि श्वासाची गती पाहायची. प्राणवायू चुलीपासून आणि देव्हाऱ्यातील निरांजनापासून दूर ठेवायचा. त्याचा प्रवाह डॉक्टरांनी ठरवल्यापेक्षा स्वतःहून वाढवायचा नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना जादा प्राणवायू घातक ठरतो. यातील एक गोष्ट सांगायची राहिली, तर तिची किंमत मूल मोजते.

‘अडाणी बायकांना हे झेपणार नाही,’ असे म्हणणारी सुशिक्षित मंडळी आहेत. त्यांना महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच, बेताचे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली. श्वास न घेणाऱ्या बाळाला उपकरणाने श्वास देणे आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणे त्या शिकल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बालमृत्यूंत तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के घट झाली. उणीव बायकांच्या बुद्धीत नव्हती; शिकवणाऱ्यांच्या इच्छेत होती.

शासनाने २०११ पासून घरोघरी नवजात शिशू सेवा सुरू केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रुग्णालयात प्रसूती झाली तर आशाताईंच्या सहा भेटी ४२ व्या दिवशी संपतात, पुढच्या भेटी तीन-तीन महिन्यांनी येतात. आणि नळी व कॉन्सन्ट्रेटर हा त्या भेटींचा विषयच नाही. शिवाय ज्या स्त्रीला ‘स्वयंसेविका’ म्हणवून कामागणिक मोबदल्यावर राबवले जाते, तिच्यावर फुकट आणखी एक ओझे टाकणे हा अन्यायच ठरेल. जून २०२१ मध्ये केंद्राने कॉन्सन्ट्रेटरच्या विक्रीतील नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली. यंत्राच्या किमतीला वेसण घालता येते, मग ते वापरायला शिकवण्याची सक्ती का करता येत नाही?

घराचाही प्रश्न आहे. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन ज्या हनुमान कोळीवाड्यात झाले, तेथील घरे वाळवीने पोखरली. उरण तालुक्यातच राज्याचे वायुविद्युत केंद्र आहे. तरीही पावसाळ्यात वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर थांबतो आणि भरलेला सिलिंडर हाताशी नसेल, तर आईने काय करायचे?

मूल घरी असावे, यात वाद नाही. मात्र खाट वाचवून ते ओझे आईच्या पदरात लोटण्याला ‘घरगुती उपचार’ हे गोंडस नाव देता येणार नाही. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत पुढील मागण्यांचा आग्रह धरला पाहिजे : आईने आणि घरातील आणखी एका व्यक्तीने सर्व कृती परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवल्याखेरीज मुलाला घरी सोडू नये, माहितीपत्रक मराठीत आणि चित्रांसह असावे, यंत्र आणि राखीव सिलिंडर सरकारी रुग्णालयाने विनामूल्य द्यावेत, अशा घराचा वीजपुरवठा अग्रक्रमाने सुरळीत करावा, आणि उरणच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीही फोन उचलणारी, हे काम जाणणारी पगारी परिचारिका असावी.

ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या नातवंडांचा श्वास हा दानधर्माचा विषय होऊ शकत नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि हक्क मागून मिळत नसेल तर तो कसा मिळवायचा, हे उरणला कोणी शिकवण्याची गरज नाही.